पावसाच्या नावावर

सोजराबाईच्या मांडीत डॉक्टरांनी घातलेली सळई होती, आणि ती शंभूपायी बसली हे तळेगाव ढमढेऱ्यापासून न्हावऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

शंभू त्या रस्त्यावर वडापची, सीटं भरून न्यायची जीप चालवायचा. मागच्या साली परतीचा पाऊस कोसळत असताना त्याची जीप डांबर सोडून खाली उतरली आणि फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात घुसली. दुकानाच्या ताडपत्रीखाली सोजराबाई पाऊस थांबायची वाट बघत उभी होती. पुढचं तिला दवाखान्यातच कळलं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक विश्वजीत दौंडला रेल्वेत, त्याला कधी रजा मिळाली नाही. सून नीलम फोनवर "आत्या, जपून ऱ्हावा" एवढं बोलून फोन पोराच्या हातात द्यायची आणि पोरगं तो बंद करायचं. वस्तीवर आजूबाजूला ऊस. माणूस म्हणून दिसायचं नाही कुणी. सोजराबाई दिवसभर म्हशीशी बोलायची. म्हैससुद्धा कंटाळून पाठ फिरवून बसायची.

या घरात वर्षभर नेमानं आला तो एकटा शंभू.

पहिल्यांदा आला तेव्हा शहाळी घेऊन दारातच उभा राहिला. सोजराबाई खाटेवरनं कडाडली, "मेली का जित्ती हाय बघाया आलास व्हय रं?"

"व्हय मावशी," शंभू म्हणाला, "जित्त्या हायसा. तोंडावरनं कळलं."

त्यावर तिला हसू आलं. ते तिनं पदरात दाबलं, पण आलं हे खरं. मग तो दर बाजारादिवशी यायचा. जीप रस्त्याला लावायचा, ओट्यावर टेकायचा, कुणाची सोयरीक मोडली, शिरूरला कांद्याचं काय झालं, सगळं सांगायचा. त्या दिवशी ती सकाळपासनं रस्त्याकडं कान लावून असायची आणि तो आला की म्हणायची, "आलास का मुडद्या? च्या निवला कवाच."

भरपाईच्या दाव्याची कोर्टातली तारीख जवळ आली तसा विश्वजीतला आईचा पाय आठवला. तिला गाडीत घालून तो शिरूरच्या वकिलाकडं घेऊन गेला.

वकील भला माणूस. त्यानं नीट समजावलं. "आजी, पावसावर दावा लावता येत नाही. ड्रायव्हरची चूक ठरली तर विमा कंपनी भरपाई देणार. पावसात गाडी हळू घ्यायची, दिसेनासं झालं तर कडेला उभी करायची, हे त्याचं काम. कंपनीचा वकील सगळं पावसाच्या नावावर ढकलायला बघेल. तुम्ही फक्त खरं तेच सांगा. तो ड्रायव्हर थांबला का?"

"न्हाई थांबला."

"मग झालं तर."

"आन् शंभ्याचं काय व्हईल?"

विश्वजीत उखडला. "तुला त्याचा एवढा पुळका कशाला, आई? पाय मोडलाय त्यानं तुझा!"

"त्यानं मोडला म्हणून तर तू आलास," सोजराबाई म्हणाली. "न्हाईतर कवा आला असतास?"



साक्षीच्या आदल्या दिवशी शंभू आला. त्यानं काही मागितलं नाही. चहा पिऊन कप विसळून पालथा घातला. शेवटी तिनंच विचारलं, "काय रं, उद्या काय सांगू?"

"तुम्हाला वाटंल ते सांगा, मावशी. मालक म्हणतोय, चूक माझी निघाली तर जीप दुसऱ्याच्या हातात देणार. बघू मग. पर पाऊस लई हुता वं. काच नुसती पांढरी झाली हुती."

"हुता की पाऊस. मी काय न्हाई म्हणते?"

तो गेल्यावर तिनं मनाशी ठरवलं. दावा गेला खड्ड्यात. मोडलेला पाय काही कागदानं सांधत नाही. पावसानं केलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. शंभूची जीप गेली तर या रस्त्यानं येणार कोण?

पुण्याच्या कोर्टात तिला खुर्ची दिली. शंभू मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. कंपनीचा वकील तरणा, गोड बोलणारा.

"त्या दिवशी पाऊस होता ना, आजी?"

"हुता."

"समोरचं दिसत नव्हतं?"

"न्हवतं."

"म्हणजे झालं ते पावसामुळंच?"

विश्वजीतनं आईकडं बघितलं. सोजराबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. "व्हय," ती म्हणाली. "पावसानंच केलं."

इथं वकिलानं खाली बसायचं, तर त्याला आणखी हौस आली. "ड्रायव्हरची चूक नाहीच. उलट तुमचं वय झालेलं, नजर अधू. त्या धांदलीत तुम्हीच गोंधळून रस्त्यात आला असाल."

सोजराबाईच्या अंगाची लाही झाली.

"कोण गोंधळलं? मी? आरं, नांदायला आले तवापासनं त्या रस्त्याच्या कडंला ऱ्हाते मी! ताडपत्रीखाली उभी हुते, दुकानदाराला इचार. दिसत न्हवतं म्हणतोस, मग दिसत न्हाई एवढं तरी दिसलं असंल का न्हाई त्याला? एसटी उभी राह्यली. उसाचा ट्रॅक्टर उभा राह्यला. डोक्यावर भारा घेतलेली बाई भारा टाकून उभी राह्यली. पाऊस सगळ्यांवर पडत हुता, एकट्या शंभ्यावर न्हवता पडत. सगळी थांबली, आन् हा तेवढा आला!"

जजबाईंनी विचारलं, "म्हणजे गाडी थांबवता आली असती?"

"बाकीच्यांनी थांबवली की."

बोलून झालं आणि तिची नजर मागच्या बाकाकडं गेली. शंभूनं मान वर केली होती. तोंडातनं निघालेलं आता परत घेता येणार नव्हतं, आणि घ्यायला ते खोटंही नव्हतं.

बाहेर पायऱ्यांपाशी तो थांबला होता. तिच्या काठीखालची पायरी ओली होती, त्यानं दंडाला धरून तिला खाली उतरवलं.

"खरं बोललात, मावशी," तो म्हणाला. रागानं नाही. राग असता तर तिला झेपला असता.

"बाजारादिवशी ये," एवढंच तिला म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलंही. पण निघालं ते असं, "पुढच्या बारीला तरी डोळं उघडं ठिवून चालव."

"आता कुठली जीप, मावशी," शंभू म्हणाला आणि गेटाकडं चालू लागला.

विश्वजीत वाटेत फार खूष होता. "काय बोललीस आई! त्या वकिलाची बोलतीच बंद!" वस्तीवर तिला उतरवून, गाडी चालूच ठेवून, अंधार पडायच्या आत पोचतो म्हणत तो दौंडला निघून गेला.

पुढच्या बाजारादिवशी सोजराबाई काठी टेकत रस्त्यापर्यंत गेली. लांबनं तीच जीप येताना दिसली, तोच वाकलेला बंपर, आणि तिनं झटकन हात वर केला. जीप थांबली. आत दुसराच कुणी होता.

"बसा आजी. तळेगाव का?"

"मला न्हाई कुठं जायाचं."

"मग हात कशाला केला?"

आयुष्यात कुणाला उत्तर द्यायची राहिली नाही अशी ती बाई. तिनं वर केलेला हात तेवढा खाली घेतला. ड्रायव्हरनं गियर टाकला आणि निघून गेला.