हरलं की मांडवात

लास्माने बँडेजचा तिसरा वेढा गुडघ्याखालून काढला, तेव्हा रिरिसने दात आवळले आणि लगेच हसून दाखवलं.

“घट्ट झालं का गं?”

“नाही. बांध तू.”

लास्माने टोक पिनेने अडकवलं, मोजा वर ओढला आणि पोरीच्या पाठीवर थाप मारून तिला कोर्टाकडे पाठवलं. सकाळचे नऊ वाजले होते. तेबिंग तिंग्गीतल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये आत्ताच भट्टी लागल्यासारखं उकडत होतं, आणि पंखे लावायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने शटल भरकटतं. बाकांवर आया कागदात बांधून आणलेला भात खात बसल्या होत्या आणि समोरची उंच मुलगी खरंच तेरा वर्षांची आहे का, यावर कुजबुजत होत्या.

सियांतारहून मायलेकी सकाळी सातलाच निघाल्या होत्या. गाडीच्या मागच्या सीटवर रॅकेटच्या पिशवीशेजारी दुसरी एक पिशवी होती. तिच्यात इस्त्री केलेलं केबाया पोलकं, खाली नेसायचं जरीचं वस्त्र आणि खांद्यावर घ्यायची उलोस शाल, असा लग्नाला जायचा सगळा सरंजाम होता.

ती पिशवी म्हणजे घरातला तह होता. लास्माच्या नवऱ्याचं, पार्लिनचं, म्हणणं असं की खेळ सोमवार ते शुक्रवार, हवा तेवढा खेळा. शनिवार-रविवार हा माणसांचा. बताक जमातीतल्या माणसाच्या घरी शनिवार म्हणजे लग्न, लग्न नसेल तर बारसं, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांची हाडं नव्या थडग्यात हलवायची असतात. तिथे थोरल्या घराच्या थोरल्या मुलाने बायकोशिवाय उभं राहायचं म्हणजे एका पायात चप्पल घालून चर्चला गेल्यासारखं. आज आपण कुणाच्या दारी गेलो नाही, तर उद्या माझ्या आईला खांदा द्यायला कोण येईल, असं तो विचारायचा. यात त्याचं अगदीच चूक होतं असं लास्मालाही म्हणता आलं नसतं. रिरिसला पाचव्या वर्षी हातात रॅकेट धरायला त्यानेच शिकवलं होतं, आणि आठ वर्षांत पोरीची एकही स्पर्धा त्याला बघता आली नव्हती. स्पर्धा शनिवारी असतात, आणि शनिवारी तो मांडवात असतो.

लास्माचं म्हणणं, पोरीच्या मनगटात काहीतरी आहे, ते वाया घालवू नये. तीन महिन्यांपूर्वी यावरून घरात भांड्याला भांडं लागलं, दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, आणि शेवटी असं ठरलं की रिरिसने खेळावं, पण ज्या क्षणी ती हरेल त्या क्षणी दोघींनी गाडीत बसून सरळ मांडवात यायचं. जिंकत राहिली तर प्रश्नच नाही. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, नात जिंकत असेल तर आमची ना नाही.

मनगटाचं खरंच होतं, पण ते अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं लास्माने कुणाला सांगितलं नव्हतं.

मांडवात जेवणं झाली, मांसाचे वाटे झाले, की म्हातारी मंडळी आशीर्वादाला बसत. सतरा मुलगे व्हावेत, सोळा मुली व्हाव्यात, हा नवऱ्या-नवरीला द्यायचा आशीर्वाद; पण तिथे कुणाला तरी हमखास आठवायचं की थोरल्या घराला अजून मुलगा नाही. मग लास्माला हाताला धरून पुढे आणायचे, पार्लिनला शेजारी उभं करायचे, आणि डोक्यावर मूठ मूठ तांदूळ ठेवून वंशासाठी मुलगा मागायचे. दोघांनी मान खाली घालून म्हणायचं, असंच होवो.

चार वर्षांपूर्वी मेदानच्या इस्पितळात लास्माचं गर्भाशय काढलं होतं. घरी सांगितलं, गाठ होती, काढली. आईला बाकीचं आताच सांगायला नको, तिची तब्येत जरा सुधारू दे, असं पार्लिन म्हणाला. सासूबाईंची तब्येत कधीच सुधारली होती. लास्मा मात्र घरी येऊन केसातले तांदूळ विंचरून काढत होती आणि पुढच्या शनिवारपर्यंतचे दिवस मोजत होती. या तहामुळे तीन महिन्यांत तिचे सहा शनिवार वाचले होते. रिरिस जिंकत होती, म्हणून.

आणि आता हा गुडघा. रिरिसला खेळ शिकवणाऱ्या आसेंग सरांनी दोन आठवड्यांपूर्वी लास्माला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोरीला महिनाभर कोर्टावर आणू नका. एवढी स्पर्धा होऊ दे, असं लास्मा म्हणाली होती. पार्लिनच्या कानावर तिने हे घातलं नव्हतं.

पहिला सामना रिरिसने वीस मिनिटांत जिंकला. लास्माने बाहेर जाऊन फोन केला. पलीकडे चर्च सुटून मांडव भरत होता, कर्ण्यावर कुणीतरी पाहुण्यांची नावं पुकारत होतं. जिंकली म्हटल्यावर पार्लिन बरं म्हणाला, आणि पुढे म्हणाला की जकार्ताचे थोरले काका आलेत, ऐंशीच्या पुढचे, खास तुला आशीर्वाद द्यायला थांबणार आहेत, आईने तांदूळ वेगळे काढून ठेवलेत. मग दुसरा सामना किती वाजता, हे त्याने विचारलं. साडेअकराला, असं ती म्हणाली.

“हरली तर लगेच निघ,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

साडेअकराला समोर किसारानची मुलगी आली, तीच ती उंच. पहिला गेम रिरिस हरली. डावीकडे पाय टाकताना ती क्षणभर अडखळायची आणि समोरच्या मुलीने ते हेरलं होतं. प्रत्येक शटल ती त्याच कोपऱ्यात टाकू लागली. लास्मा बाकाच्या कडेला आली. गाडीने सव्वा तास, म्हणजे बाराला हरली तर दीडच्या आत मांडवात, असा हिशेब डोक्यात होऊन गेला तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटूनही तिने देवाला विनवलंच, आजचा दिवस जिंकू दे.

देवाने ऐकलं म्हणायचं. दुसरा गेम रिरिसने खेचून आणला. तिसऱ्यात ती सतरा-अकरा अशी पुढे होती. चार गुण मिळाले की सुटका, असं असताना ती अचानक संथ झाली. मारायचं शटल उंच उडवून देऊ लागली. रॅली लांबायच्या, ती दुखऱ्या पायावर मागेपुढे धावायची, आणि प्रत्येक गुणानंतर गुणफलकाकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. शेजारची बाई म्हणाली, तुमची लेक मांजरासारखी खेळवतेय हो उंदराला. लास्मा पोरीचं तोंड बघत होती. खेळवणाऱ्याचं तोंड असं नसतं. रिरिसचा वरचा ओठ पांढरा पडला होता.

एकवीस-एकोणीस. रिरिसने हात मिळवला, पंचांना नमस्कार केला आणि सरळ चालत आईपर्यंत आली. बाकावर बसताना मात्र तिने गुडघा दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवला.

लास्माने बँडेज सोडलं. गुडघा टम्म सुजला होता, हाताला गरम लागत होता.

“कधीपासून असं आहे?”

“सकाळी एवढं नव्हतं.” रिरिसने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. “किती वाजले गं?”

“साडेबारा.”

“सेमीफायनल साडेतीनला आहे. ती संपेपर्यंत साडेचार. मग घरी जाईपर्यंत सहा वाजतील ना? सहाला तिकडे सगळं संपतं.”

“तू सारखी घड्याळ काय बघत होतीस? लवकर संपवायचं सोडून?”

रिरिस बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. आई रागावलेली नाही याची खात्री झाल्यावर ती म्हणाली, “लवकर संपलं असतं तर सेमीफायनल एक वाजता लावणार होते. संयोजक सर म्हणाले होते. मग तिथे मी हरले असते, तर वेळ उरला असता.”

“कशाला वेळ उरला असता?”

“मांडवात जायला.” ती आता भराभर बोलू लागली. “मध्ये एकदा मी पहिल्याच सामन्यात हरले ना, तेव्हा तू पेट्रोल पंपावर कपडे बदलायला गेलीस. नळ सोडून ठेवलास, तरी बाहेर ऐकू येत होतं. डोक्यावर तांदूळ ठेवतात ते तुला आवडत नाही, मला माहितीय. माझं दुखतं, पण एवढं नाही दुखत, आई. अजून एक खेळेन मी.”

लास्माने बँडेज गुंडाळून पिशवीत टाकलं. आपण हिला ढालीसारखं पुढे धरलं, तिने ते ओळखलं, आणि ओळखूनही मुकाट उभी राहिली. तेरा वर्षांची पोर. लास्माला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ती उठली आणि संयोजकांच्या टेबलाशी गेली. तिथल्या माणसाला वाटलं, ही वेळ बदलून मागायला आली आहे. तो आधीच नकारार्थी मान हलवू लागला. लास्माने नाव काढून घेते म्हणून सांगितलं, सही केली. कारणाच्या रकान्यात गुडघा असं लिहिलं.

रिरिसला कळलं तेव्हा तिचे डोळे भरले. “पण मग तुला जावं लागेल,” ती म्हणाली.

“बघते मी.”

हॉलच्या मागे नारळवाल्याच्या छपराखाली उभं राहून लास्माने फोन लावला. पार्लिनने पहिल्याच घंटेला उचलला.

“हरली?”

“नाही. जिंकली. मी नाव काढून घेतलं. तिचा गुडघा गेलाय. सरांनी दोन आठवड्यांपूर्वीच बंद करायला सांगितलं होतं, मी तुम्हाला बोलले नाही.”

तिकडे वाद्यं वाजत होती. तो बाजूला सरकला असावा, कारण आवाज जरा कमी झाला. “मग दवाखान्यात घेऊन जा तिला,” तो म्हणाला. “इथलं मी बघतो. पोर आजारी आहे म्हटल्यावर कुणी काही बोलणार नाही.”

सुटका अशी तळहातावर आयती येऊन पडली. दवाखाना, मग औषधं, मग महिनाभर पोरीचा गुडघा. लास्माने हॉलच्या दाराकडे पाहिलं. रिरिस एका पायावर भार देऊन दारात उभी होती, आणि आईची नजर गेल्याबरोबर तिने दुसरा पायही टेकवून दाखवला.

“दवाखान्यात वाटेत नेते. पण येणार आहे मी,” लास्मा म्हणाली. “आईंना सांगायला.”

“काय सांगायला?”

“मेदानचं.” चौदा वर्षांच्या संसारात एवढ्यावर त्याला कळायला हवं होतं, आणि कळलंच. त्याचा श्वास फोनवर ऐकू आला.

“रिरिसच्या आई, आज नको,” तो अगदी हळू म्हणाला. “काका आलेत. सगळा गोतावळा जमलाय. आज लग्न आहे गं.”

“दर शनिवारी लग्नच असतं.”

कर्ण्यावर कुणीतरी थोरल्या घराला पुढे यायला सांगत होतं, एकदा, मग पुन्हा एकदा, पार्लिनचं नाव घेऊन. तो जागचा हलला नाही, हे तिला आवाजावरून कळत होतं.

“किती वाजतील तुम्हाला?” त्याने शेवटी विचारलं.

“तीन.”

“रस्त्यावर येऊन थांबतो मी,” पार्लिन म्हणाला. “माझ्याशिवाय आत जाऊ नको.”