कापड मी घातलं

ताईचं पडदे शिवायचं काम घरातूनच चालायचं. मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. मधोमध कापायचं मोठं टेबल, खिडकीखाली मशिनी, भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे तागे. पडदे, सोफ्याची कव्हरं, खुर्च्यांच्या गाद्या, जे येईल ते ती शिवायची. नवरा गेल्यावर याच खोलीनं तिला तगवलं होतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण खोलीत कुणी चपला घालून आलं की तिच्या कपाळावर आठी यायची.

धाकटा भाऊ तिच्याकडे राहायला आला तो संसार मोडून. नोकरी आधीच सुटली होती, मग बायको वेगळी झाली. एक सुटकेस आणि गिटार घेऊन तो दारात उभा राहिला, आणि ताईनं काही न विचारता आतल्या खोलीतल्या पलंगावर चादर घातली. आल्यापासून तो नुसता पडून असायचा. जेवायला हाक मारली की यायचा, ताटात बोटं फिरवायचा आणि उठायचा. ताईला वाटायचं, हा पोरगा असाच भिंतीकडे तोंड करून म्हातारा होणार.

मग एकदा जेवताना त्यानं फोन तिच्यापुढे धरला. फोनवर एका लाकडी नावेचं चित्र होतं. दोन माणसं बसतील एवढीच नाव, पण अंगानं अशी चकचकीत की मध चोपडल्यासारखी.

"ही आपल्याला घरी बांधता येईल," तो म्हणाला.

"तुला धड खिळा ठोकता येत नाही."

"यात खिळे नसतातच. प्लायवूडच्या लांब फळ्या कापायच्या, कडेनं भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं शिवायच्या."

"शिवायच्या?"

"शिवायच्या," तो म्हणाला आणि हसला. तो घरात आल्यापासून ताईनं त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

लहानपणी दोघं तलावाच्या काठावर बसून दुसऱ्यांच्या नावा बघत बसायची. कुठली नाव मोठेपणी आपली, यावरून भांडायची. त्यातलं काही त्याच्या मनात राहिलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं दुसऱ्याच दिवशी मशिनी उचलून झोपायच्या खोलीत नेल्या, तागे पलंगाखाली सरकवले आणि कामाची खोली त्याला मोकळी करून दिली.

सुरुवातीचं लाकूडकाम त्याचं. आराखडा त्यानंच मिळवला, फळ्या त्यानंच कापल्या, आणि एक फळी उलटी कापून डोकं धरून बसला तेव्हा ताईनं त्याला चहा करून दिला. तारेचे टाके दोघांनी मिळून घातले. सगळ्या तारा पिळून ताणल्या तशा सपाट फळ्या एकमेकींना ओढत वर आल्या आणि खोलीत बघता बघता नावेचा आकार उभा राहिला. ताई कितीतरी वेळ तिच्याभोवती फिरत राहिली. मग सांधे बुजवायचं काम आलं. एपॉक्सी म्हणजे राळेसारखा चिकट डिंक, त्यात लाकडाचा बारीक भुसा कालवून लापशीसारखं घट्ट मिश्रण करायचं, फळ्यांच्या सांध्यात भरायचं आणि चमच्याच्या पाठीनं गोलाई द्यायची. धाकटा घाईनं चमचा फिरवायचा, मिश्रण ओघळायचं. चमचा हळूहळू ताईच्याच हातात गेला.

मग नावेला मजबुतीसाठी बाहेरून कापड चढवायचं होतं, ते काम तर सगळंच तिच्याकडे आलं. फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड साध्या कापडासारखं वागत नाही. हाताळलं की विसविशीत होतं, कडा उसवतात, आणि तिरकं ओढलं की वीणच सरकते. धाकट्यानं एकदा ते पुढच्या टोकावर बसवायचा प्रयत्न केला आणि चुण्यांचा नुसता गोळा करून ठेवला.

"हो बाजूला," ताई म्हणाली. "बाहीचा खांदा कधी बसवलायस का?"

तिनं टोकापाशी कापडाला कात्रीनं चिरा दिल्या, एकावर एक पाकळ्या बसवल्या, हातानं निरपून सगळं नावेच्या अंगाला लावलं. मग धाकटा एपॉक्सी आणि ते घट्ट करणारं हार्डनर मोजून कालवून द्यायचा आणि ती रबरी पट्टीनं ते कापडावर ओढत न्यायची. फार वेळ मिळायचा नाही. कप हातात गरम व्हायला लागला की समजायचं, आता हे घट्ट होणार. ओढता ओढता ते पांढरं कापड ओलं व्हायचं, मग पारदर्शक व्हायचं, आणि खालून लाकडाच्या रेषा अशा वर यायच्या की ताईला आपलं वय विसरायला व्हायचं. पॉलिश पेपरनं घासताना दोघांच्या अंगाला खाज सुटायची, डोळ्यांवर चष्मे, तोंडावर मास्क, हातात मोजे. एकमेकांकडे बघून ती दोघं हसायची.

धाकटा हे सगळं फोनवर टिपायचा. एका कोपऱ्यात स्टँडवर फोन लावलेला असायचा. "आठवण राहील," तो म्हणायचा. ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो आंघोळ करायला लागला होता, दाढी करायला लागला होता, रात्री झोपायला लागला होता. एवढ्यावर ती खूश होती.

नाव जवळजवळ झाली तेव्हाची गोष्ट. धाकटा वार्निश आणायला गेला होता. दवाखान्यात काम करणारी एक नर्स ताईकडे खुर्च्यांची कव्हरं न्यायला आली. ती मागच्या खोलीच्या दारात थबकली.

"ही तीच नाव ना?" ती म्हणाली. "मी सगळे व्हिडिओ बघितलेत. आमच्या दवाखान्यात सगळेच बघतात. पण ती तर त्याच्या बहिणीच्या घरी..." आणि ती मध्येच थांबली. ताईकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. "म्हणजे त्याची बहीण तुम्हीच?"

"मीच. का गं?"

नर्स गोरीमोरी झाली. कव्हरं घेऊन जायची घाई करायला लागली. ताईनं तिला बसवलं आणि म्हणाली, "दाखव मला."

व्हिडिओ बरेच होते. पहिल्यातच धाकटा कॅमेऱ्याकडे बघून बोलत होता. सगळं संपलं तेव्हा बहिणीच्या घरी आसरा घेतला, पण तिथेही रोजचे टोमणे. बहिणीला हे वेड वाटतं. पसारा आवर नाहीतर चालता हो, म्हणते. तरी मी एकट्यानं ही नाव बांधणार आहे. त्याचा आवाज जड झाला होता. पुढे चमचा फिरवणारे हात दिसले, कापड निरपणारे हात दिसले, पट्टी ओढणारे हात दिसले. मोजे घातलेले ते हात ताईनं ओळखले. आवाज मात्र त्याचा होता. "हे टोक बसवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला," असं तो सांगत होता. खाली लोकांनी लिहिलं होतं. बहुतेकांनी त्याला धीर दिला होता. काहींनी तिच्यासाठी जे शब्द वापरले होते ते तिच्या घरात कधी कुणी उच्चारले नव्हते.

"मला माहीत नव्हतं," नर्स म्हणाली.

"तुला कसं माहीत असणार," ताई म्हणाली आणि कव्हरांची पिशवी बांधून दिली.

धाकटा आला तेव्हा ती नावेशेजारी स्टुलावर बसली होती. त्यानं वार्निशचा डबा खाली ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला समजलं.

"मी कधी टोमणा मारला तुला?" तिनं विचारलं.

"ताई, ऐक."

"ऐकतेच आहे. कधी मारला ते सांग."

तो टेबलाच्या कडेवर टेकला. "नाही मारलास. पण लोक बघायला पाहिजेत ना. बहिणीनं खोली दिली, बहिणीनं मदत केली, दोघं आनंदात आहेत, हे कोण बघतं? गोष्टीत कुणीतरी आडवं येणारं लागतं."

"मग शेजाऱ्याला आडवं आणायचंस. जुन्या नोकरीच्या मालकाला आणायचंस."

"शेजाऱ्याचं कुणाला काय वाटणार? आपलं माणूस असलं की लोकांना लागतं."

हे तो अगदी सहज बोलून गेला. तिला वाटलं होतं तो ओशाळेल, पाया पडेल, निदान खाली तरी बघेल. तो तिला समजावत होता. मग त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि उत्साहानं सांगायला लागला. नावा बांधणाऱ्या एका मोठ्या कारखान्यानं त्याला बोलावलं होतं. लोकांना शिकवायचं काम, राहायला जागा. नाव पाण्यात सोडतानाचा व्हिडिओ झाला की तो जाणार होता. "आणि त्यात तू हवीस," तो म्हणाला. "शेवटी बहिणीचं मन वळतं. काठावर उभी राहतेस, डोळ्यात पाणी, एवढंच म्हणायचं की मी चुकले. म्हणजे लोक तुला शिव्या घालायचेही थांबतील. तुझंही भलं होईल त्यात."

ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आईला फोन लावला. आई मोठ्या मुलाकडे दुसऱ्या गावी असायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगा मरणाच्या दारातून उठून उभा राहिलाय," आई म्हणाली. "तुझं काय जातंय त्यात? लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. तू मोठी आहेस."

"मोठी आहे म्हणून काय, आई?"

"म्हणून समजून घे."

ताईनं फोन ठेवला. मशिनीवर अर्धा पडदा अडकलेला होता तो पुरा केला. टीप वाकडी गेली, उसवली, परत घातली.

तरी नाव पाण्यात सोडायच्या सकाळी ती तलावावर गेली. का गेली, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एवढे दिवस जिच्यावर हात फिरवला ती पाण्यावर कशी बसते ते बघायचं होतं, हे खरं. काठावर बरीच माणसं जमली होती, सगळी धाकट्याला ओळखणारी. ताईला बघून काही जण कुजबुजले. एका बाईनं सरळ तोंड फिरवलं.

नाव पाण्यात गेली आणि अलगद तरंगली. एका बाजूला कलली नाही, थेंबभर पाणी आत आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा एक चक्कर मारून आला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि फोन धरलेल्या मित्राला घेऊन ताईसमोर आला.

"ताई," तो कॅमेऱ्यासाठीच्या आवाजात म्हणाला, "आता काय म्हणशील?"

"ही नाव आम्ही दोघांनी माझ्या घरात बांधली," ताई म्हणाली. "लाकूड यानं कापलं. कापड मी घातलं. मी याला कधी घालवून दिलं नाही."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसते डोळे बदलले. मग त्यानं पुढे होऊन तिला मिठी मारली. त्याचे ओले हात तिच्या पाठीवर होते आणि तो तिच्या कानात म्हणाला, "का करतेस असं?"

व्हिडिओ आला तेव्हा नर्सनंच तिला दाखवला, तिनं मागितला म्हणून. त्यात ताई काठावर उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण वर संगीत होतं, गिटारचं. मग मिठी. खाली लिहिलं होतं, शेवटी ताईचं मन वळलं. लोकांनी भरभरून कौतुक केलं होतं, त्याचंही आणि तिचंही.

"मी खाली लिहू का खरं काय ते?" नर्सनं विचारलं.

"लिही. तुला वाटलं तर लिही," ताई म्हणाली. नर्सनं लिहिलं. थोड्या वेळानं ते दिसेनासं झालं.

धाकटा कारखान्यात गेला आणि चांगला रमला. नाव तिथे दर्शनी भागात टांगलीय, असं आईनं फोनवर सांगितलं. ताईनं मशिनी परत मागच्या खोलीत आणल्या. फरशीवर एपॉक्सीचे थेंब पडून दगडासारखे झाले होते. ते निघाले नाहीत, त्यावर तिनं सतरंजी टाकली आणि कामाला लागली. गिऱ्हाइकं येत राहिली. कुणी "तुम्हीच ना त्या?" असं विचारलं की ती खरं काय ते सांगायची, एकदाच, आवाज न चढवता. काहींना पटायचं. काही जण मान डोलवायचे आणि विषय बदलायचे.

पुढे बऱ्याच महिन्यांनी तो भेटायला आला. अंगानं भरला होता, नवा शर्ट होता, तिच्यासाठी शाल आणली होती. ताईनं शाल घेतली, चहा टाकला. तो कारखान्यातल्या गमती सांगत होता आणि त्यातल्या काही खरोखर मजेशीर होत्या. तिला हसू आलं. हसता हसता तिच्या मनात आलं की आजच्या या चहाची गोष्ट हा कुणाला कशी सांगेल. बहीण अजून अवघडून बसते असं सांगेल, की शाल बघून रडली असं. ती हसायची थांबली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

पूर्वी ती त्याला सगळं सांगायची. रात्री घर खायला उठतं हेसुद्धा फक्त त्यालाच सांगितलं होतं. आता ती हवापाण्याचं बोलली, पडद्यांच्या नव्या फॅशनचं बोलली, त्याच्या तब्येतीची चौकशी केली. तो जायला निघाला तेव्हा तिनं त्याला दारापर्यंत सोडलं, नीट जा म्हणाली, आणि तो वळणापर्यंत पोचायच्या आत दार लावून घेतलं.