पोरांनो, मागे!

काचेच्या त्या छोट्या कारखान्यात दिवसातून चार वेळा एकच हाक घुमायची, "पोरांनो, मागे!"

हाक मास्तरांची. त्यांच्या घशात भोंगा बसवलाय, असं पहेलवान म्हणायचा. हाक आली की निववायच्या भट्टीचं दार उघडणार आणि आतून लोखंडी गाडा मोटारीच्या साखळीवर आपोआप बाहेर येणार. फुंकून केलेले फ्लास्क, नळ्या, मोजपात्रं त्या भट्टीत तासन्‌तास सावकाश निवत असत. बाहेर येताना ती अजून गरम असायची आणि वाऱ्याची एक झुळूक लागली तरी तडकायची. म्हणून हाक ऐकताच पंखे बंद, खिडक्या बंद, आणि प्रत्येकाने जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या मागे व्हायचं, असा नियम होता.

माणसं मोजून सात. मास्तर सगळ्यांचे प्रमुख. पहेलवान काच फुंकायचा. तो काडीसारखा बारीक, म्हणून त्याचं नाव पहेलवान. काचेच्या कडा घासायला दोघे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. माल कागदात गुंडाळून खोक्यात भरायला मावशी. मोजपात्रांवर रेघा आखायला आणि प्रत्येक पिपेट किती सेकंदांत रिकामी होते ते तपासायला मोजणीबाई. आणि अडीच महिन्यांपूर्वी आलेली फुंकर. तिशीची, एका मुलीची आई. ती नळीत इतक्या अलगद फुंकायची की पहेलवानानेच पहिल्या दिवशी तिला हे नाव देऊन टाकलं होतं.

मंगळवारी दुपारी हाक आली, गाडा निघाला, आणि फुंकर जागची हलली नाही. तिच्या स्टुलाचा पाय पट्टीच्या पुढे होता. गाड्याचं चाक त्याला धडकलं, गाडा हिंदकळला, आणि वरच्या थरातले सगळे फ्लास्क एका दमात खाली आले. कुणाला साधं खरचटलंही नाही. 

"कान आहेत ना तुला?" मास्तर म्हणाले.

"आहेत."

"मग? पोरांनो, मागे! एवढं बेंबीच्या देठापासून ओरडलो."

"मला वाटलं, पोरांना सांगताय," फुंकर म्हणाली. "आधीच्या कारखान्यात गाडा ढकलणाऱ्यांना पोरं म्हणायचे. त्यांची हाक त्यांना. आम्ही आमच्या कामावर."

"अडीच महिने काय करत होतीस मग?"

"बाकीचे उठले की उठत होते. आज नळी वितळत आली होती, मान वर केली नाही."

मास्तरांना हे उलट उत्तर वाटलं. संध्याकाळी त्यांनी मोजणीबाईच्या टेबलावर एक कागद आणून ठेवला. फुंकरला कायम करायचं की नाही, याचा तो कागद. शनिवारी वर ऑफिसात जायचा होता. 'कामात हात चांगला' असं लिहून त्याखाली मास्तरांनी लिहिलं होतं, 'सूचना ऐकत नाही. ठेवू नये.' खाली दोन सह्यांची जागा होती. एक त्यांची झालेली. दुसरी, माल तपासणारी म्हणून, मोजणीबाईची.

"मास्तर, उद्या करते," ती म्हणाली.

"एका सहीला उद्या कशाला?"

"पेन नीट चालत नाहीये."

मास्तरांनी तिच्या खिशाला लावलेल्या तीन पेनांकडे पाहिलं आणि निघून गेले.

मोजणीबाईला खरं तर फुंकरचं म्हणणं पटलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा कारखान्यात दुसरी बाई नव्हती. पहिल्या दिवशी मास्तर "पोरांनो" म्हणाले आणि त्यांची नजर सगळ्यांवरून फिरत तिच्यावरही आली. तिला वाटलं, झालं, आपण यांच्यातल्या झालो. त्या शब्दावर तिने अकरा वर्षं मनातल्या मनात हक्क सांगितला होता. आता कालची आलेली कुणी म्हणते, तो शब्द आमचा नाही! म्हणजे आपणच वेड्या की काय?

घरी जेवताना तिने हे सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हाकेचं काय मोठं? ज्याला कळायचं त्याला कळतं." तेवढ्यात दाराची बेल वाजली. "अरे, कुणीतरी बघा रे!" सासूबाई म्हणाल्या. नवरा भाजी वाढून घेत राहिला, मुलगा ताटातच बघत राहिला. मोजणीबाई उठली, दारापर्यंत गेली, आणि कडीला हात घालून तशीच थांबली. या घरात 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते मोजायला घड्याळ लागत नव्हतं. कारखान्यात मात्र लागेल. आणि घड्याळ तर तिच्या खिशातच असायचं, पिपेटसाठी.

बुधवारी सकाळपासून ती कामाला लागली. हाक आली की बटण दाबायचं, आणि कोण किती सेकंदांत पट्टीच्या मागे जातो ते वहीत लिहायचं. पहेलवान एक सेकंद. थोरला एक. धाकटा सव्वा, कारण तो आधी कंगवा खिशात घालायचा. मावशी चार. मावशी हाकेला उठतच नसत, गाड्याची खडखड ऐकून उठत. त्यांचं टेबल लांब होतं, म्हणून आजवर निभावलं होतं. फुंकरचे आकडे तिने धरले नाहीत. मंगळवारपासून ती कुणी खोकलं तरी उडी मारून मागे व्हायची.

राहिली ती स्वतः. स्वतःची वेळ स्वतः घेणं बरोबर नाही, म्हणून गुरुवारी तिने घड्याळ धाकट्याकडे दिलं. चार हाका झाल्यावर तो आला.

"ताई, अडीच सेकंद. चारही वेळा."

"अडीच? माझे?"

"तुम्ही आधी पहेलवानाकडे बघता ना. तो उठला की उठता."

"काहीतरीच काय!"

"मला काय, तुम्हीच मोजायला सांगितलंत."

तिने शुक्रवारी पुन्हा मोजून घेतलं. अडीच. अकरा वर्षं ती रोज चार वेळा, 'यात मीही आहे ना?' असं पहेलवानाच्या पाठीला विचारत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिला हसूही आलं आणि स्वतःचा थोडा रागही आला.

वहीत आणखी एक ओळ होती. मावशींचा चहा झाला की त्या कोपऱ्यातून नुसतं "चहा!" म्हणत. मोजायचं म्हणून तिने तेही मोजलं होतं. बाकी सगळी माणसं, अर्धा सेकंद. यंत्राच्या घरघरीत थोरल्याला एरवी साधं बोलणं ऐकू येत नसे, तोही त्यात होता.

शनिवारी सकाळी तिने वही मास्तरांपुढे ठेवली. मास्तरांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि चष्मा काढला.

"म्हणजे मी बायकांना हाक मारतच नाही, असं तुझं म्हणणं?"

"तुम्ही मारता. आमच्यापर्यंत ती उशिरा पोचते."

"अगं, पोर म्हणजे लेकरू! माझी मुलगी लग्न होऊन गेली, तिलाही मी पोरच म्हणतो. मावशींना विचार, कधी वाईट वाटलं का?"

"वाईट कशाला वाटेल?" मावशी खोक्यामागून म्हणाल्या. "छप्पन्न वर्षांच्या बाईला पोर म्हणणारं दुसरं आहे कोण? पण मास्तर, खरं सांगू? मला वाटायचं, तुम्ही त्या पहेलवानालाच ओरडताय. तो कायम काहीतरी करून ठेवतो."

"मी?" पहेलवान म्हणाला.

मास्तर फुंकरकडे वळले. "तुला काय वाटतं गं? राग येतो?"

"राग नाही," फुंकर म्हणाली. "पण पोरांनो म्हटलं की वाटतं, मी पाहुणी आहे. आणि पाहुणं माणूस कुणी खरंच आपलं नाव घेईपर्यंत बसून राहतं."

मास्तरांनी वही मिटली. मग मान हलवून म्हणाले, "हे सगळं वहीतलं. हाक ही हाक असते. गाडा येतोय म्हटल्यावर समोरचा बाई आहे की बुवा, कोण बघत बसतं?"

"मग एकदा करून बघू," मोजणीबाई त्यांना बाजूला घेऊन म्हणाली. "भट्टी आत्ता रिकामी आहे. रिकामा गाडा बाहेर घ्या, सावकाश. फक्त हाक मी सांगते ती द्या." आणि तिने त्यांच्या कानाशी दोन शब्द सांगितले.

मास्तरांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. दहा मिनिटांनी, सगळे कामात गढल्यावर, त्यांनी छाती भरून हाक दिली, "पोरींनो, मागे!"

मावशी एका सेकंदात पट्टीमागे. फुंकर, मोजणीबाई, दोघी त्यांच्या शेजारी. पहेलवान फुंकत राहिला. थोरला घासत राहिला. धाकट्याने कंगवा काढला आणि खिडकीच्या काचेत बघत भांग पाडायला घेतला. रिकामा गाडा पहेलवानाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

"अरे, माझा जीव घेता का!" पहेलवान किंचाळला.

"हाक ऐकली नाहीस?" मास्तर म्हणाले.

"ऐकली की! पण पोरींना दिलीत ना? मला वाटलं, त्यांचं काहीतरी..."

तो बोलता बोलता थांबला. मास्तरांनी फुंकरकडे बघितलं. मंगळवारी तिने शब्दाला शब्द हेच सांगितलं होतं. आधी मावशी हसल्या, मग फुंकर, मग पहेलवानाचा चेहरा बघून मास्तरांनाच हसू फुटलं. त्यांनी डोळे पुसले, टेबलावरचा कागद उचलला आणि 'सूचना ऐकत नाही. ठेवू नये.' यावर दोन आडव्या रेघा मारल्या.

"पण मग म्हणायचं काय?" ते म्हणाले. "तुम्हीच सांगा. मला या वयात नवं काही सुचायचं नाही."

मग काय, सगळ्यांना कंठ फुटला. थोरला म्हणाला, "मंडळी." मास्तर म्हणाले, "मंडळी घरी आहे, तिला इथे कशाला आणतोस?" धाकट्याने 'मित्रांनो आणि मैत्रिणींनो' सुचवलं. मोजणीबाईने घड्याळ लावून ते मास्तरांकडून म्हणवून घेतलं. "मागे" येईपर्यंत तीन सेकंद गेले, तोवर गाडा अर्ध्या वाटेवर असता. पहेलवानाने उभं राहून, छातीवर हात ठेवून, "सन्माननीय बंधू आणि भगिनींनो, आपणांस नम्र विनंती की" एवढं म्हटलं, आणि मावशींनी त्याला कागदाचा बोळा फेकून मारला. प्रत्येकाचं नाव घ्यावं, तर पहिल्याचं नाव घेताना सातव्याचा पाय भाजेल. शिट्टीचा विचार झाला, पण मास्तरांनी ती कल्पना धुडकावून लावली. "मी काय रहदारी सांभाळतोय?"

सगळ्यांच्या कल्पना संपल्या. कोपऱ्यात मावशींनी पातेल्यावरचं झाकण काढलं. "चहा!"

बाकीचे सहाही जण उठले. मास्तर सगळ्यांत आधी.

मोजणीबाई उठली आणि अर्ध्या वाटेत थांबली. वहीतली ती शेवटची ओळ तिच्या डोळ्यांपुढे आली.

"मास्तर," ती म्हणाली, "मावशींनी आत्ता कुणाला बोलावलं?"

"कुणाला म्हणजे? चहा म्हणाल्या."

"तेच. कोण या, ते सांगितलंच नाही. काय आहे, तेवढं सांगितलं."

मास्तरांनी कपातला चहा एक घोट घेतला. आणखी एक घेतला. कप खाली ठेवला आणि, हळूच, स्वतःशी म्हणून बघितलं, "भट्टी."

"मोठ्याने," फुंकर म्हणाली.

"भट्टी!"

थोरला सवयीने पंखा बंद करायला धावला.

दुपारी पहिला भरलेला गाडा निघायची वेळ झाली. मास्तर नेहमीसारखे दारासमोर, पट्टीच्या दोन पावलं पुढे, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "भट्टी!" हाक भिंतींवर आपटून परत आली. पंखे थांबले, खिडक्या लागल्या, आणि माणसं एकदम मागे झाली. मोजणीबाईने या वेळी कुणाच्याही पाठीकडे बघितलं नाही. दार उघडलं, गरम हवेचा लोट आला, गाडा हलला.

पट्टीच्या पुढे एकच माणूस उभा होता.

"मास्तर, तुम्ही पण!" फुंकरने त्यांच्या बाहीला धरून त्यांना मागे ओढलं.

मास्तर दोन पावलं मागे आले. गाडा त्यांच्या पुढून खडखडत निघून गेला. इतकी वर्षं हाक त्यांनी दिली होती, पण ती त्यांना स्वतःला कधी लागू नव्हती. त्यांनी बाहीकडे बघितलं, मग फुंकरकडे, मग मोजणीबाईकडे. तिचा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सगळे एक सेकंद. तुम्ही पाच."

"लिहू नकोस."

"लिहिलं."

मास्तरांनी पेन मागितलं. तिने तिन्ही पुढे केली. त्यांनी कागदावर, खोडलेल्या ओळींखाली, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सूचना ऐकते, आणि देते. ठेवावी.' मोजणीबाईने खाली सही केली. पेन नीट चाललं.