कोरी राहिलेली ओळ

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, पण दुकानातली नव्हे हं! कडेगावजवळच्या एका गावात सातवीचा निकाल लागल्यावर रेश्माने आपल्या सगळ्या वह्यांची उरलेली कोरी पानं काढली, दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवली आणि वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. झाले मी तयार! कुठे चौकटी, कुठे दुरेघी, नुसती खिचडी.

पानाच्या मधोमध रेघ होती. शाळेतून आणलेल्या पुस्तकात शब्द अडला की रेश्मा तो डावीकडे लिहायची. उजवीकडे अर्थ: आधी स्वतःचा अंदाज, मगच बाईंना विचारणं. 'तितिक्षा' म्हणजे एखादं तिखट लोणचं असणार, असं तिला वाटलं होतं. बाई म्हणाल्या, सोसण्याची ताकद.

पुढे ती स्वतःच शब्द करू लागली. उसात शिरल्यावर मान खाजते ती 'पाचटखाज'. रेंज जाते आणि फोनवरचं वाक्य अर्धंच राहतं, तो 'तुटबोल'. तिचे पप्पा, जयराज, फौजेत होते, त्यामुळे तुटबोल घरात रोजचाच. मी तर अभिमानाने लय फुगले होते!

दिवाळीला जयराज सुट्टीवर आले. ओट्यावर मित्र जमले होते. जयराजांनी मला उघडून एकेक शब्द मोठ्याने वाचला. लेकीचं कौतुकच करायचं होतं त्यांना. पण त्यांच्यातला धनाजी म्हणाला, "असला शब्द असतो व्हय रं कुठं?" सगळे हसले. जयराजही हसले. चहाचा ट्रे घेऊन रेश्मा दारातच उभी होती.

त्या दिवसापासून मी धान्याच्या कोठीवर धूळ खात पडले. सुट्टी संपली तेव्हा तिच्या आईने, मंगलने, जयराजांसोबत द्यायचे शेंगदाण्याचे लाडू गुंडाळायला माझी दोन पानं फाडली. रेश्माने पाहिलं आणि ती सरळ भांडी घासायला निघून गेली. मला फाटण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

आठ दिवसांनी जयराजांचा फोन आला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"रेश्मे, लाडवाच्या कागदावर तुझा तुटबोल घावला. हितं आता समदी त्योच शब्द म्हणत्यात." मग ते म्हणाले, "मी हसलो तवा तुझं तोंड बघितलं हुतं गं. तरी हसलो. त्याला काय शब्द हाय का तुझ्याकडं?"

ती उत्तर देणार, तोच रेंज गेली.

रेश्माने मला खाली काढलं, ओढणीने पुसलं आणि पप्पांचं ते वाक्य डावीकडे लिहिलं. उजवीकडे पेन टेकवलं आणि ती ओळ कोरीच ठेवून मला मिटलं.

आता ती दहावीत आहे. वर्गात उभी राहून आपले शब्द बिनधास्त सांगते. त्यांच्यासाठी नवी वही आहे, आणि मी पुन्हा कोठीवर. मित्रांनो, कुणी तुम्हाला स्वतः केलेला शब्द दाखवला, तर हसण्याआधी त्याचा अर्थ तेवढा विचारा.

जयराज दर सुट्टीला मला स्वतः खाली काढतात. त्या वाक्याचं पान उघडतात, उजवीकडे पाहतात. आणि मला पुन्हा वर ठेवतात.