आठ तास कूलर

मिनलने 'स्टार्ट'वर क्लिक केलं. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, असं घरातल्या कॉम्प्युटरने विचारल्यासारखं सांगितलं. तिने 'ओके' केलं. अशा प्रश्नांना माणूस दुसरं काय म्हणतो? हिरवी पट्टी सरकू लागली. तिचा लॅपटॉप दोन दिवसांपासून सुरूच होत नव्हता. या पेनड्राइव्हवरून त्यात नवी विंडोज टाकली, की सोमवारपासून ऑफिसचं काम करता येणार होतं.

पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा दारात सासूबाई, कुसुमताई.

"मिनल, बाबांच्या उशापासचा पेनड्राइव्ह पाहिला काय वं?"

"हाच न, आई? त्याच्यात एकच फाइल होती. 'कूलर' नावाची."

कुसुमताई हळूच पलंगाच्या काठावर बसल्या.

"त्यांची झोप होती वं त्याच्यात."

सासरे रुपराव चाळीस वर्षं इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात बसले होते. शांतता त्यांना टोचायची. उन्हाळ्यात कूलर घरघरे, तेवढेच चार महिने ते झोपत. म्हणून एका मे महिन्यात दुर्गेशने, मिनलच्या नवऱ्याने, आठ तास कूलरचा आवाज रेकॉर्ड केला. कूलर गच्चीवर गेला की होळीपर्यंत तो उशाजवळच्या स्पीकरवर लागे. मिनलचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. तिला आजवर वाटत होतं, शेजारी पिठाची गिरणी आहे.

तिने दुर्गेशला ऑफिसात फोन लावला.

"कॉपी नाही गं," तो म्हणाला. "पण ओरिजनल आहे न. गच्चीवर."

तोवर पट्टी भरली. तयार पेनड्राइव्ह मुठीत धरून मिनल सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, माझ्याकडून तुमची झोप फॉरमॅट झाली."

रुपरावांनी पेपर खाली घेतला.

"पूर्ण?"

"आठही तास."

"मंग आज मी काय करू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते.

जानेवारीतल्या त्या दुपारी एक वाजता तिघांनी कूलर जिन्यावरून खाली आणला. मधल्या वळणावर शेजारच्या इंदूबाई भेटल्या.

"काहून गा भाऊ, थंडीत कूलर?"

"झोप भरून घ्याची आहे."

"असं असं," म्हणत त्यांनी वाट दिली.

"पाणी नका टाकू, बाबा. गारठाल," मिनल म्हणाली.

"पाण्याबिगर आवाज कोरडा येते."

"मग दोनच तास भरू. परत परत लावता येते."

"तोच आवाज दुसऱ्यांदा आला का मी जागा होतो."

म्हणून आठ तास. मिनलने फोन स्टुलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. रात्री नऊपर्यंत कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही.

तिघं पलंगावर ओळीने बसले. शाली, स्वेटर, रुपरावांची माकडटोपी. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत एकेक पान उलटत गेलं आणि मेपाशी येऊन थांबलं. त्यानंतर खिडकीतलं ऊनही जरा पांढरं झालं. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिला मुळीच घाई नव्हती. घरघर भिंतींत शिरली, मग पलंगात, मग पाठीच्या कण्यात. कुसुमताईंना वाटलं, आता कोणीतरी आंबे चिरून आणेल.

किती वेळ गेला कोण जाणे. त्यांच्या खांद्यावर काहीतरी टेकलं. मिनल झोपली होती. तोंड किंचित उघडं, मूठ सैल.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. सगळे झोपल्यावर पडणारी आणि सगळ्यांच्या आधी उठणारी ही मुलगी झोपलेली कशी दिसते, हे त्यांना आजच कळत होतं.

मग ती घोरू लागली. बारीक, पण कूलरच्याही वर ऐकू येईल असं.

कुसुमताईंनी फोनकडे बोट दाखवलं. चार तास झाले होते, आणि आता सगळं वाया चाललं होतं. त्यांनी तिला उठवायला हात उचलला. रुपरावांनी तो धरला. नाही म्हणून मान हलवली.

कूलरचा आवाज बदलला होता. टाकीतलं पाणी संपत आलं होतं. रुपराव चवड्यांवर उठले, बादली घेतली आणि टाकीच्या आतल्या कडेने पाण्याची धार सोडली. अगदी बारीक, अंगावर काटा आला तरी हात न हलवता.