न वापरलेली ओळ

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे टापटीप म्हणतात. त्यांना टेबलावर कपाचा डाग खपत नाही आणि कोडमध्ये जास्तीची ओळ खपत नाही. या माणसाबरोबर काम करायचं म्हणजे डोक्याला ताप.

आजारपणात सासूबाईंची वाचा गेली, उजवी बाजूही गेली. म्हणून त्यांच्या डाव्या हाताखाली रबरी बटण ठेवलं. ते दाबलं की बाहेरच्या खोलीत घंटा वाजायची. हे नीट चाललं तर त्या घरी राहणार, नाहीतर सोमवारी शुश्रूषागृहात. तिथली खाट दिरांनीच सांगून ठेवली होती.

बटणाचा भाग मी सी भाषेत लिहिला, घंटेचा त्यांनी पायथनमध्ये. त्यांनी मला एक फंक्शन, म्हणजे घंटा वाजवणारा कोडचा तुकडा, द्यायचं. बटण दाबलं की माझ्या कोडने त्याला हाक मारायची आणि किती वेळ दाबलं ते कळवायचं. काल सगळं सुरळीत होतं.

आज सकाळभर घंटा वाजली नाही. "आईला आज बरं वाटतंय," दीर खुशीत म्हणाले. दुपारी मी आत गेले तर चादर ओली, आणि सासूबाईंची नजर भिंतीकडे.

प्रोग्राम चकार शब्द न काढता बंद पडला होता.

"भाऊजी, काल रात्री कशाला हात लावलात?"

"एक ओळ उडवली फक्त. फंक्शन एका नावात धरून ठेवलं होतं, आणि ते नाव पुढे कुठेच वापरलं नव्हतं."

"अहो, ती मी मुद्दाम घातली होती!" माझा आवाज चढला. "कुणी धरून ठेवलं नाही की तुमचं पायथन केर समजून टाकून देतं. पलीकडे माझा कोड त्याच फंक्शनच्या भरवशावर बसलाय, हे त्याला कसं कळणार? आईंनी बटण दाबलं, मी हाक मारायला गेले, तिथे कुणीच नाही. सगळा कारभार आडवा!"

"मग त्या ओळीशेजारी तसं लिहून ठेवायचं ना, वहिनी."

हेही माझ्याच गळ्यात! मी ओळ परत घातली. बटण दाबून पाहिलं, घंटा खणखणली. दोघं बाहेर बसून राहिलो. घंटा काही वाजेना. मी पुन्हा आत जाऊन दाबलं, वाजली. बिघाड कुठेच नव्हता. सासूबाईंनीच दाबणं सोडून दिलं होतं.

मला रडू आलं, आणि रागही. मी त्यांचा हात धरून बटणावर दाबला. दीर धावत आले.

"आई, काय हवंय?"

त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. दीर खाली मान घालून वळले. ते उंबऱ्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच घंटा वाजली. माझा हात बटणावर नव्हता.

ते परत आले. या वेळी खुर्ची ओढून बसले, आणि तिथूनच शुश्रूषागृहाला फोन लावून खाट नको म्हणून सांगितलं.