मितारला मुलं किती

विदोसावा, आमची विदा, सही करायला निघाली होती. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे गावभर उलटंच बोललं गेलं. भांडण तिच्या मनातही नव्हतं. बाप वारला की बहिणीने नोटरीसमोर बसायचं, आपला वाटा भावाला सोडला म्हणून सही करायची, मग भावाने उठून तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवायचे आणि चारचौघांत म्हणायचं, "माझं दार तुझं आहे." आमच्या डोंगरात असंच चालतं. कायदा दोघांना सारखा वाटा देतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि शहाणी म्हणवून घेणारी कुठलीही बहीण तो घेत नाही. जी घेते तिच्या नावाने जन्मभर खडे फोडले जातात.

विदा एकसष्ट वर्षांची. लग्न केलं नाही. आई गेल्यावर बाप मितार नऊ वर्षं अंथरुणाला खिळला होता, त्याचं सगळं तिनेच काढलं. सरोवराच्या वरच्या उतारावर दगडी घर आणि भोवती द्राक्षमळा. फेब्रुवारीच्या वाऱ्यात बोटं बधिर होईपर्यंत वेली छाटायच्या तिने, सप्टेंबरात द्राक्षं खुडून पिंपं भरायची तिने. भाऊ रादुल राजधानीत टायरचं दुकान चालवायचा. वर्षातून दोनदा यायचा आणि जाताना वाईन न्यायला कधी विसरायचा नाही.

मागच्या आठवड्यात दोन माणसं मळ्यात येऊन मोजमाप करून गेली. जाताना वेलींच्या रांगांमधून लाल टोकांच्या काठ्या रोवून गेली. रादुल फोनवर म्हणाला, नुसती मोजणी आहे, तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस. ती हॉटेल बांधणाऱ्यांची माणसं होती हे विदाला शेजारणीकडून कळलं. तरीही ती सही करायला निघाली, कारण तिला दाराचं ते एक वाक्य हवं होतं. भाऊ चारचौघांत ते म्हणाला की त्या घरातून तिला कुणी हलवू शकणार नाही, असा तिचा भरवसा. कागदापेक्षा तोंडच्या शब्दावर विसंबणारी माणसं आम्ही, आणि त्यातच आमच्या बायकांचं वाटोळं होत आलंय.

तिने काळा ठेवणीतला पोशाख घातला. रादुलसाठी धुरावलेल्या मांसाचे पातळ काप, घरचं चीज आणि पाव बांधून घेतला. सहीला लागेल म्हणून जन्मदाखला पर्समध्ये ठेवला आणि सकाळची बस पकडली.

नोटरी पस्तिशीची बाई होती, किनाऱ्याकडची. रादुल इस्त्रीच्या शर्टात आधीच येऊन बसला होता. नोटरीबाईंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली: मयत मितार, अपत्यं एक, मुलगा रादुल. मग त्यांनी मान वर करून विदाकडे पाहिलं.

"आणि आपण बाई? साक्षीदार का?"

माणूस गेला की त्याचे वारस कोण, याची नोंद नगरपालिकेत करावी लागते. तिथे कारकुनाने विचारलं होतं, मितारला मुलं किती. रादुलने सांगितलं, एक. त्यात त्याची लबाडी नव्हती, आणि संतापाची गोष्ट हीच आहे. मितार स्वतः जन्मभर तसंच मोजत आला. खानावळीत कुणी विचारलं तर म्हणायचा, "एक मूल आहे मला, आणि एक मुलगी." त्याचा बापही तसाच मोजायचा. कारकून आमच्याच डोंगरातला, त्यालाही पुढे काही विचारायचं सुचलं नाही. विदा लहानपणी बापाचं ते बोलणं ऐकून हसायची. मोठेपणी तर तीही कितीदा तसंच बोलली होती.

रादुलने कागद ओढून घेऊन वाचला आणि त्याचा चेहरा खुलला.

"बरंच झालं की. तुझी सहीच लागत नाही. उगाच खेप पडली तुला."

विदाच्या अंगाची लाही लाही झाली. नऊ वर्षं तिने बापाला कुशीवर वळवलं होतं, त्याचं हगणंमुतणं काढलं होतं, शेवटचा घोट पाणीही तिच्याच हातचं. ती उदार मनाने द्यायला आली होती आणि इथे तिच्याकडे द्यायलाच काही नव्हतं. वाटा सोडायलासुद्धा माणूस आधी जन्मलेला असावा लागतो.

"आणि दार?" तिने विचारलं.

"कसलं दार?" रादुल म्हणाला. तो घड्याळ बघत होता.

विदाने पर्समधून जन्मदाखला काढून टेबलावर ठेवला.

"मला लिहा," ती नोटरीबाईंना म्हणाली.

नोटरीबाईंनी दाखला दोनदा वाचला. मग रादुलला अगदी थंड आवाजात समजावलं, की वारस लपवणं हा गुन्हा आहे. लपवलं कुठे, आमच्याकडे बोलतातच तसं, सगळेच बोलतात, असं काहीबाही तो सांगू लागला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि पेन उघडलं.

"आता नीट सांगा. मितारला मुलं किती?"

रादुल काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांग," विदा म्हणाली.

"दोन."

बाईंनी ते लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली. मग विदाकडे वळून म्हणाल्या, अर्धा वाटा आपला आहे, तो भावाला सोडायचा असेल तर सांगा, पण एकदा सही झाली की मागे घेता येत नाही. रादुलने लगबगीने स्वतःचं पेन पुढे केलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

"विदा, अगं, माझं दार तुझंच आहे की."

ज्या वाक्यासाठी ती आली होती ते आलं, पण पेनाच्या मागून आलं. विदाने पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्या खिशात नीट अडकवलं.

"दार माझंही आहे, रादुल. अर्धं."

बाहेर रस्त्यावर त्याने तोंडसुख घेतलं. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणाला, बहिणीने भावाचं खाल्लं असं लोक म्हणतील म्हणाला.

"म्हणू देत," विदा म्हणाली. "निदान मितारला मुलं दोन होती, हे तरी त्यांच्या तोंडून निघेल."

जेवणाचं गाठोडं मात्र तिने त्याच्या हातात दिलं, कारण ते त्याच्यासाठीच बांधलेलं होतं. मग ती बसथांब्याकडे चालू लागली.

दुपारी पोशाख बदलून ती मळ्यात उतरली आणि लाल टोकांच्या काठ्या एकेक करून उपटल्या. सव्वीस भरल्या. लाकूड चांगलं सरळ होतं. त्यातल्या तेरा तिने वाकलेल्या वेलींना आधाराला लावल्या. उरलेल्या तेरा दोरीने बांधून दाराशी ठेवल्या, रादुलच्या वाट्याच्या.